क्षयाच्या गोळ्या, घरचे अन्न आणि जीवनसत्त्वे : कोणाचे काम कोणते?



ऊस पिवळा पडला की आपण आधी कारण शोधतो, मग इलाज करतो. जमीन चुनखडीची असेल तर पिकाला लोह उचलता येत नाही आणि पानावर केवडा पडतो. तिथं फेरस सल्फेट दिलं की पान हिरवं होतं. नत्राची मात्रा कमी पडली असेल तर खत द्यावं लागतं. पण मुळाशी हुमणी लागली असेल, तर बेट नुसतं ओढलं तरी हातात येतं. अशा बेटावर सूक्ष्म अन्नद्रव्यांची कितीही भारी बाटली फवारा, खालची अळी मुळं खातच राहणार. तसेच हुमणी मारली आणि पुढे खतपाणी दिलेच नाही, तर वाचलेलं बेटही जोर धरत नाही. तिन्ही ठिकाणी पान पिवळेच दिसते, परंतु इलाज तीन वेगळे.

माणसाच्या शरीराचेही असेच आहे. खोकला सुटला, वजन उतरलं, अंगात ताकद राहिली नाही, की घरात पहिला शब्द निघतो, ‘टॉनिक आणा’. क्षयरोग किंवा एचआयव्ही असलेल्या माणसाच्या बाबतीत हा शब्द महागात पडतो. जीवनसत्त्वे वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. त्यांना ठरलेले काम आहे, आणि एका ठिकाणी तर ती हवीतच. पण जंतू मारणे हे त्यांचे काम नव्हे, आणि पोट भरणे हेही नव्हे. कोणाचे काम कोणते, एवढाच आजचा पाठ. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे, तेव्हा हा पाठ कुणाच्याही घराला परका नाही.

१. जंतू मारण्याचे काम औषधाचे

क्षयाचा जंतू सावकाश वाढतो आणि शरीरात दडून बसतो. म्हणून नेहमीच्या क्षयाला सहा महिने औषध लागते. पहिले दोन महिने चार औषधे : आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पुढचे चार महिने पायराझिनामाइड बंद होते व बाकीची तीन चालू राहतात. गोळ्या रोज घ्यायच्या असतात, त्यांची संख्या वजनावर ठरते आणि सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. लघवी नारिंगी झाली तर घाबरू नये, तो रिफाम्पिसिनचा रंग आहे.

महिना-दीड महिन्यात खोकला थांबतो, भूक लागते, माणूस शेतावर जाऊ लागतो. नेमकी इथंच चूक होते. ‘आता बरं वाटतंय, गोळ्या उष्ण पडतात, त्यापेक्षा शक्तीचं औषध चालू ठेवू’ असे ठरते. दडलेले जंतू मेलेले नसतात. अर्धवट उपचारातून वाचलेले जंतू पुन्हा वाढले तर नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा क्षय होऊ शकतो. मग उपचार अवघड, आणि त्या जातीचा जंतू घरच्यांनाही लागू शकतो.

औषधाची ताकद किती, याचा पुरावा आपल्याच देशातला आहे. पूर्वी क्षय झाला की रुग्णाला सॅनेटोरियममध्ये ठेवीत. मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी हाच उपचाराचा कणा मानला जाई. १९५६ साली मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, क्षयरोग उपचार संशोधन केंद्र सुरू झाले. तिथे रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये ठेवून भरपूर सकस आहार दिला. दुसरा गट आपापल्या गरीब वस्तीत राहिला, घरचे तुटपुंजे अन्न खाऊन. औषध दोघांनाही तेच, एक वर्षभर. १९५९ साली निकाल प्रसिद्ध झाला. सॅनेटोरियमवाल्यांचे वजन जास्त वाढले खरे, पण जंतू नाहीसे होण्याच्या बाबतीत घरचा गटही जवळपास बरोबरीनेच उतरला. घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबात रोग जास्त पसरल्याचेही आढळले नाही. त्यानंतर जगभर क्षयाचा उपचार घरी राहून होऊ लागला.

२. अंग भरण्याचे काम अन्नाचे

वरची हकीगत वाचून कुणी म्हणेल, ‘मग खाण्याचं काही महत्त्वच नाही?’ तसे नाही. मद्रासच्या अभ्यासाने जंतूंचा हिशेब लावला. पण रुग्ण जगतो की दगावतो आणि घरातल्या इतरांना रोग होतो की नाही, हा हिशेब राहिला होता. तो झारखंडमध्ये लागला.

तिथल्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात एक मोठा अभ्यास झाला. डॉ. अनुराग भार्गव व डॉ. माधवी भार्गव हे त्याचे प्रमुख. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरची १०,३४५ माणसे त्यात होती. पाच रुग्णांमागे चार जणांचे वजन कमी भरले होते. प्रत्येक रुग्णाला सहा महिने दरमहा दहा किलो शिधा दिला. त्यात तांदूळ, डाळीचे पीठ, दूध पावडर, तेल असे पदार्थ होते. निम्म्या विभागांत घरातल्या प्रत्येक माणसालाही दरमहा पाच किलो तांदूळ व दीड किलो डाळ मिळाली. उरलेल्या विभागांत शिधा फक्त रुग्णाला. शिध्याबरोबर जीवनसत्त्वांची गोळीही होती, पण ती भरल्या ताटाच्या जोडीला.

निकाल २०२३ साली जाहीर झाला. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तिथे नवीन क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिले. थुंकीच्या तपासणीत पक्का ठरणारा फुफ्फुसाचा क्षय तर ४८ टक्क्यांनी कमी. रुग्णांमध्येही पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्के वाढले, त्यांना मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. चाळीस किलोच्या माणसाला पाच टक्के म्हणजे फक्त दोन किलो. म्हणून क्षयरुग्णाचे वजन दर महिन्याला करावे आणि लिहून ठेवावे. वजन वाढत नसेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

केंद्र सरकारची निक्षय पोषण योजना २०१८ साली सुरू झाली ती याच कारणाने. तेव्हा महिना ५०० रुपये मिळत. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम महिना १,००० रुपये झाली आहे. सहा महिन्यांचे सहा हजार रुपये थेट बँक खात्यात येतात. हे पैसे ताटासाठी आहेत. एका टॉनिकच्या बाटलीत किती अंडी, किती शेंगदाणे, किती तूरडाळ येते, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या गावच्या भावाने करून पाहावा.

ताटात काय असावे? जे आपल्याकडे पिकते तेच. ज्वारी-बाजरीची भाकरी, दाट वरण, मटकी-मुगाची उसळ, गूळ-शेंगदाणे, दूध-दही, शेवग्याचा पाला, मेथी, हंगामातले फळ. खाणाऱ्याला अंडी, मासळी, मटण. भूक मेलेली असेल तर एकदम भरपूर न वाढता दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. रुग्णाला अंडे आणि घरच्या सुनेला पातळ आमटी, असे मात्र करू नये. झारखंडचा धडा हाच, की सगळ्या घराचे ताट भरले पाहिजे.

३. एक जीवनसत्त्व मात्र औषधाबरोबर लागते

केवड्याला लोह द्यावे तसे हे काम आहे. आयसोनियाझिड हे औषध शरीरातले ब-६ जीवनसत्त्व, म्हणजे पायरिडॉक्सिन, कमी करते. ते कमी पडले की हातापायांना मुंग्या येतात, तळपायाची आग होते, पाय बधिर वाटतात. मग रुग्ण म्हणतो, गोळ्या सोसत नाहीत, आणि त्या सोडतो. हे टाळायला साधारणतः दिवसाला १० मिलिग्रॅम ब-६ ची छोटी गोळी पुरते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मधुमेही, एचआयव्ही असलेले, फार रोडावलेले आणि दारूची सवय असलेले, यांना तिची विशेष गरज असते. मुंग्या आधीच सुरू झाल्या असतील तर मात्रा किती वाढवायची ते डॉक्टर सांगतात.

इथेही आपल्या मनाने मात्रा वाढवू नये. ब-६ मोठ्या प्रमाणात महिनोन् महिने घेतले तर त्यानेच शिरा बिघडतात. मुंग्या थांबवायला घेतलेली गोळी मुंग्या आणते. खत जास्त झाले की पीक करपते, त्यातलाच हा प्रकार.

४. जास्त दिले म्हणजे जास्त गुण येत नाही

पूर्वी क्षयरोग्याला उन्हात बसवीत. अंगावर ऊन पडले की ड जीवनसत्त्व तयार होते. तेव्हा ते भरपूर दिले तर क्षय लवकर बरा होईल, अशी शास्त्रज्ञांनाही आशा होती. त्यांनी पारखून पाहिले. लंडनमधल्या रुग्णांवरचा अभ्यास २०११ साली आणि भारतातल्या रुग्णांवरचा २०१५ साली प्रसिद्ध झाला. औषधाबरोबर ड चे मोठे डोस देऊनही थुंकी जंतुमुक्त व्हायला लागणारा काळ रुग्णांच्या गटात लक्षात घेण्याइतका कमी झाला नाही. मंगोलियात ८,८५१ शाळकरी मुलांना ड जीवनसत्त्व देऊन पाहिले. २०२० सालच्या निकालात क्षयाचा संसर्ग त्याने टळला नाही असेच दिसले. ज्याच्या शरीरात ड कमी आहे त्याने हाडांसाठी ते जरूर घ्यावे. पण त्याने क्षय हटेल या भरवशावर राहू नये.

एचआयव्हीच्या बाबतीत टांझानिया देशातली हकीगत समजून घेण्यासारखी आहे. एचआयव्हीवरची औषधे तिथे मिळत नव्हती त्या काळात, १९९५ पासून, १,०७८ गरोदर स्त्रियांवर अभ्यास झाला. ब, क आणि ई ही जीवनसत्त्वे दिल्याने त्यांचा आजार काहीसा सावकाश वाढला. मात्र ज्यांना अ जीवनसत्त्व दिले, त्यांच्याकडून बाळाला एचआयव्ही जाण्याचे प्रमाण वाढले. एकाच कुळातली जीवनसत्त्वे, पण एकाने थोडा उपयोग आणि दुसऱ्याने अपाय.

पुढे तिथे औषधे आली. मग ती घेणाऱ्या ३,४१८ रुग्णांत तुलना केली. काहींना जीवनसत्त्वांची नेहमीची मात्रा, काहींना त्याच्या कितीतरी पट. २०१२ साली निकाल आला. जादा मात्रेचा कोणताच फायदा दिसला नाही, उलट यकृताला त्रास झाल्याची खूण रक्तात वाढली. अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. आपल्या क्षयाच्या गोळ्यांपैकी तीन गोळ्यांचा भार यकृतावर आधीच असतो. त्यात मोठ्या मात्रेची टॉनिके, नाव-गाव नसलेली चूर्णे आणि दारू यांची भर घालणे म्हणजे भरलेल्या ट्रॉलीवर आणखी मोळ्या रचणे. डोळे पिवळे झाले, लघवी गडद तपकिरी झाली, उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

५. जोडीला आणि ऐवजी

‘जोडीला’ आणि ‘ऐवजी’ या दोन शब्दांत माणसाच्या जिवाचे अंतर आहे. दक्षिण आफ्रिकेने ते फार जबर किंमत देऊन पाहिले.

२००० नंतरच्या वर्षांत त्या देशात एचआयव्हीने हजारो माणसे मरत होती. औषधे निघाली होती, पण सरकार ती द्यायला कां-कू करीत होते. त्या वेळच्या आरोग्यमंत्री लसूण, बीट आणि लिंबू यांची शिफारस करीत. त्यातच माथियास राथ नावाचे जीवनसत्त्वांचे व्यापारी तिथे आले. औषधे विषारी आहेत, जीवनसत्त्वेच खरी, असा प्रचार सुरू झाला आणि गरीब वस्त्यांत गोळ्या वाटल्या गेल्या. टांझानियाच्या अभ्यासाचाही त्यासाठी उलटा आधार घेतला गेला. रुग्णांच्या आणि डॉक्टरांच्या संघटना न्यायालयात गेल्या. जून २००८ मध्ये केपटाऊनच्या उच्च न्यायालयाने राथ यांचे प्रयोग बेकायदा ठरवले. हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच वर्षी हिशेब मांडला. सरकारने वेळेवर औषधे न दिल्याने २००० ते २००५ या काळात ३ लाख ३० हजारांहून अधिक माणसे गेली.

बीट वाईट नाही, लसूण वाईट नाही. ती औषधाच्या जागी बसवली, हा घात झाला.

६. एचआयव्ही आणि क्षय दोन्ही असतील तर

एचआयव्हीने शरीराची राखण कमी होते. म्हणून अशा माणसाला क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा अनेक पटींनी जास्त. यासाठी प्रत्येक क्षयरुग्णाची एचआयव्ही तपासणी आणि एचआयव्ही असलेल्या प्रत्येकाची क्षयाची विचारपूस करण्याची पद्धत आहे. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एचआयव्हीची औषधे फुकट मिळतात. ती आयुष्यभर घ्यायची असतात. रोज घेणारा माणूस कामधंदा करून, संसार करून पुष्कळ जगतो.

दोन्ही उपचार एकत्र चालू असताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, एचआयव्हीच्या गोळीत बहुधा डोल्युटेग्रॅव्हिर हे औषध असते. रिफाम्पिसिनमुळे ते शरीरात लवकर संपते. म्हणून क्षयाचा उपचार चालू असेतो त्याची दुसरी मात्रा बारा तासांनी देतात. ‘एक गोळी जादा झाली’ म्हणून ती आपल्या मनाने सोडू नये.

दुसरी, कॅल्शियम, लोह, जस्त किंवा मॅग्नेशियम असलेली शक्तीची गोळी रिकाम्या पोटी त्याच घोटाबरोबर घेतली तर ती डोल्युटेग्रॅव्हिरला धरून ठेवते आणि औषध अंगी लागत नाही. म्हणून डोल्युटेग्रॅव्हिर अशा गोळीच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावे. गरोदर बाईला लोह-कॅल्शियम लागतेच, तेव्हा तिने वेळापत्रक केंद्रातून लिहूनच आणावे. आम्लपित्ताची औषधेही क्षयाच्या गोळ्यांबरोबर एकाच वेळी घेऊ नयेत.

तिसरी, जे काही घेता ते सगळे डॉक्टरांना दाखवा. टॉनिक, काढा, चूर्ण, काही लपवू नका.

आणि गावाने एक पथ्य पाळावे. कुणाला कोणता आजार आहे याची चर्चा पारावर करू नये. २०१७ च्या कायद्याने एचआयव्ही असलेल्या माणसाशी भेदभाव करायला मनाई केली आहे.

७. हंगामातले आपले कर्तव्य

आपला ऊस ज्यांच्या कोयत्यावर कारखान्यात येतो, ती टोळी दिवाळीच्या सुमारास गाव सोडते आणि पट्टा पडल्यावर परत जाते. गोळ्या तुटण्याचा मोठा धोका याच दोन वेळांना. क्षयरुग्णाची नोंद निक्षय क्रमांकावर होते, त्या क्रमांकावर उपचार दुसऱ्या जिल्ह्यात चालू ठेवता येतो. मुकादमाने आणि शेतमालकाने उचलीचा हिशेब विचारतो तसे एवढेही विचारावे, ‘कुणाच्या गोळ्या चालू आहेत का? क्रमांक आणलाय का?’ तळावर कुणाला दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम किंवा थुंकीत रक्त असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्यावी. दिवसाची मजुरी बुडते म्हणून माणूस जात नाही. ती अर्ध्या दिवसाची मजुरी आपण सोसली तर आपलाच फड, आपलेच घर सुरक्षित राहते. औषध नीट चालू झाल्यावर काही आठवड्यांत रुग्णापासून इतरांना असलेला धोका बराच उतरतो. म्हणून त्याला हाकलण्यात शहाणपण नाही, उपचारात टिकवण्यात आहे.

उजळणी

प्रश्न : गोळ्यांनी फार अशक्तपणा येतो. आठ दिवस थांबून टॉनिक घेऊ का?
उत्तर : थांबू नये. त्रास डॉक्टरांना सांगावा, मात्रा किंवा औषध ते बदलतील. खाणे वाढवावे.

प्रश्न : गोळ्या कधी घ्याव्यात?
उत्तर : शक्यतो रिकाम्या पोटी, रोज ठरलेल्या वेळी. मळमळत असेल तर विचारून हलके काही खाऊन घ्याव्यात, पण बंद करू नयेत.

प्रश्न : रोज एक जीवनसत्त्वाची साधी गोळी घेतली तर चालेल का?
उत्तर : रोडावलेल्या, गरोदर किंवा नीट न जेवणाऱ्या माणसाला डॉक्टर ती देतात. नेहमीच्या मात्रेत चालते. दुप्पट-चौपट नको.

प्रश्न : घरात क्षयरुग्ण आहे. बाकीच्यांनी काय करावे?
उत्तर : सर्वांनी तपासणी करून घ्यावी. आजार नसल्यास प्रतिबंधक गोळ्या मिळतात, त्या पुऱ्या घ्याव्यात. आणि सर्वांनी पोटभर, डाळ-उसळीसकट जेवावे.

प्रश्न : चौकशी कुठे करावी?
उत्तर : जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे. फोनवर क्षयासाठी १८००-११-६६६६ आणि एचआयव्हीसाठी १०९७. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

सारांश असा : औषधाने जंतू मरतो, अन्नाने माणूस उभा राहतो, आणि जीवनसत्त्वाने जिथे खरोखर तूट असेल तिथली तूट भरते. हा पाठ घरात मोठ्याने वाचून दाखवावा, आणि आपल्या फडात तोडीला आलेल्या टोळीलाही ऐकवावा, ही विनंती.